चॉकलेटच्या गावी एक दिवस

बेंगळूरला गेलेला मराठी पाहुणा लालबागेत फिरतो, विधानसौधासमोर फोटो काढतो, म्हैसूरपाक बांधून घेतो आणि परतीच्या गाडीत बसतो. हाताशी एखादा दिवस जास्त असेल, तर त्याने रात्रीची मंगळूरची गाडी धरावी. सकलेशपूरनंतर गाडी घाट उतरू लागते, पन्नासहून अधिक बोगदे पार करते आणि नऊशे मीटर उंचीवरचा गारवा सोडून किनाऱ्याच्या दमट हवेत येते. मंगळूरच्या थोडे अलीकडे कबक पुत्तूर हे स्टेशन लागते. मुलांना आधीच सांगून ठेवावे, चॉकलेट इथे होते!

पुत्तूरभोवती पोफळीच्या बागा आहेत आणि पोफळीच्या सावलीत कोकोची झाडे. कोकोचे फळ थेट खोडावर लगडते. फणस पाहिलेल्या कोकणी माणसाला त्याचे नवल वाटायचे नाही. पिकलेले फळ फोडले की आत पांढऱ्या, आंबटगोड गरात तीस-चाळीस बिया निघतात. गर चोखायला छान, पण बी चावली तर तोंड कडू होते. चॉकलेटचा वास तिला अजून यायचा असतो. गरासकट बिया केळीच्या पानांखाली झाकून पाच-सहा दिवस आंबवतात, मग उन्हात वाळवतात. खरी चव या आंबवण्यातच धरते. पुढे कारखान्यात बिया भाजून, टरफल काढून दळतात. बीचे निम्मे वजन स्निग्धांशाचे, त्यामुळे पीठ न होता पातळ लगदा होतो. त्यात साखर, दूध पावडर घालून तो तासन्‌तास घोटतात.

या बागांनी एक वाईट काळ पाहिला आहे. १९८०च्या सुमारास जगात कोकोचे भाव कोसळले आणि झाडावर फळे पिकली, तरी बियांना गिऱ्हाईक मिळेना. काहींनी झाडांवर कुऱ्हाड चालवली. सुपारी बागायतदारांनी १९७३ मध्ये मंगळूरला स्थापन केलेली ‘कॅम्पको’ ही सहकारी संस्था तेव्हा पुढे आली. तिने कोको विकत घ्यायला सुरुवात केली आणि १९८६ मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखानाच उभारला. आपल्याकडे उसाच्या शेतकऱ्यांनी साखर कारखाने काढले, तसेच हे. मात्र साखर घरोघर लागतेच. चॉकलेट खपवायचे तर बड्या कंपन्यांच्या जाहिरातींशी गाठ! पुढे २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतले पीक बसले आणि जागतिक बाजारात कोको टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला. पुत्तूरकडेही त्या उन्हाळ्यात भाव कधी नव्हे इतके चढले. नंतर ते उतरले, पण झाड राखलेल्यांना त्यांचा दिवस दिसला.

कारखाना आतून पाहायचा असेल, तर आधी संस्थेकडे विचारणा करून जावे.

दुपारी मंगळूर गाठावे. आपल्या छपरांवरची ‘मंगळुरी कौले’ इथलीच. बासेल मिशनने १८६५ मध्ये नेत्रावतीच्या काठी त्यांचा कारखाना घातला. कद्री मंजुनाथाच्या देवळात इ. स. ९६८ची लोकेश्वराची देखणी धातुमूर्ती आहे. शेजारी नाथपंथीयांचा मठ. नाशिकच्या कुंभमेळ्यानंतर, दर बारा वर्षांनी, त्र्यंबकेश्वराहून निघालेले जोगी पायी इथवर येतात. सेंट अलॉयशियस कॉलेजच्या चॅपेलमध्ये भिंती आणि छत अंतोनियो मोस्केनी या इटालियन धर्मबंधूने शंभरावर वर्षांपूर्वी रंगवले; मान दुखेपर्यंत वर पाहावे. संध्याकाळी पणंबूरचा समुद्र, आणि उंच ग्लासातले थराथरांचे ‘गडबड’ आइसक्रीम. ते मात्र सावकाश खावे.

पुत्तूरची वडी घेतली, तरी घरचे चॉकलेट किनाऱ्यावर करू नये. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते. तोंडात विरघळण्याचे गुपित तेच आणि मंगळूरच्या उकाड्यात फसण्याचे कारणही तेच. बेंगळूरच्या हवेत ते टेबलावर जमते. वेष्टनावर कोको बटर लिहिलेली गडद वडी घ्यावी. ‘कंपाउंड’ करायला सोपे, पण जिभेवर मेणचट लागते. दोन भाग तुकडे गरम पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात वितळवावेत. पाण्याचा एक थेंब पडला, तरी गोळा होतो. भांडे उतरवून उरलेला एक भाग किसून घालावा आणि ढवळत राहावे. थेंबभर ओठाखाली लावून पाहावा. किंचित गार लागला, की मिश्रण तयार.

साचे नसतील, तर मोदकाचा साचा चालतो. तो अगदी कोरडा हवा, तूप मुळीच लावू नये. नीट जमलेले चॉकलेट गार होताना आकसते आणि साच्यातून आपणहून सुटते.