मॅकची हार्ड डिस्क विंडोजवर उघडेना? ‘फॉरमॅट’ मारण्याआधी हे वाचा

बेळगाव : लग्नसराई आटोपली की स्टुडिओवाले फोटो-व्हिडिओ हार्ड डिस्कमध्ये भरून देतात. एडिटिंग मॅकवर झालेले असते, घरी मात्र विंडोजचा कॉम्प्युटर. डिस्क जोडली की कधी काहीच दिसत नाही, तर कधी ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. डिस्क बिघडली असे समजून अनेक जण तिथेच होकार देतात आणि फसतात.

प्रत्यक्षात डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे, याची नोंद एका खातेवहीत असते. तिला फाइल सिस्टीम म्हणतात. विंडोजची खातेवही एनटीएफएस. ॲपलने १९९८ मध्ये एचएफएस प्लस आणि २०१७ मध्ये एपीएफएस आणली. ॲपलच्या या दोन्ही वह्या विंडोजला मुळात वाचताच येत नाहीत. फॉरमॅट केले की जुनी वही बाद होऊन कोरी वही सुरू होते, म्हणजे आपला डेटा गेलाच म्हणायचा.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, त्या संदेशाला ‘कॅन्सल’ करा. दुसरी, ज्याने डिस्क दिली त्याच्याकडेच किंवा ओळखीत कुणाकडे मॅक असेल तिथे जा. तिथून सगळा डेटा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेल्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. हा मार्ग बिनखर्चाचा आणि सर्वांत सुरक्षित.

मॅक मिळतच नसेल तर विंडोजवर सॉफ्टवेअर टाकावे लागते. मॅकड्राइव्ह आणि पॅरागॉन कंपनीची सॉफ्टवेअर पैसे भरून मिळतात. एचएफएसएक्सप्लोरर फुकट आहे. पण ते फक्त फाइल वाचून बाहेर काढते, डिस्कवर काही लिहीत नाही. शिवाय ते एचएफएस प्लससाठी आहे, एपीएफएसच्या डिस्कला चालत नाही. डिस्कला पासवर्ड लावलेला असेल तर तोही देणाऱ्याकडून मागून घ्या. त्याशिवाय कुठलेच सॉफ्टवेअर कामाचे नाही.

चुकून फॉरमॅट झालेच, तर त्या डिस्कवर नवीन काहीही भरू नका. ‘क्विक फॉरमॅट’ असेल तर साध्या हार्ड डिस्कवरून डेटा परत मिळण्याची आशा असते. वर नवे काही लिहिले की तीही मावळते.

पुढच्या वेळी

डिस्क देतानाच ‘एक्सफॅटमध्ये द्या’ असे स्टुडिओला सांगावे. ही पद्धत मॅक आणि विंडोज दोन्हीकडे वाचता-लिहिता येते. जुनी फॅट-३२ पद्धतही दोन्हीकडे चालते. पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ सहज त्यापुढे जातो. एनटीएफएसची डिस्क मॅक वाचतो, पण त्यावर लिहीत नाही.

एक्सफॅटचे एक पथ्य मात्र पाळावे. कॉपी चालू असताना केबल उपटली तर नोंदी बिघडू शकतात. म्हणून ‘इजेक्ट’ करूनच डिस्क काढावी. आणि मोलाचा डेटा एकाच डिस्कच्या भरवशावर कधी ठेवू नये. दुसरी प्रत केलेली बरी.