सफरचंद, बदाम आणि आयातशुल्काबद्दलचे गैरसमज

अमेरिकेने २०१८ मध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियमवर जादा शुल्क लावलं. भारताने प्रत्युत्तर जाहीर केलं, बरेच महिने पुढे ढकललं आणि जून २०१९ मध्ये अमलात आणलं. अमेरिकी सफरचंदांवरचा दर ५० टक्क्यांवरून ७० वर गेला, अक्रोडांवरचा १०० वरून १२० वर. तेव्हापासून ‘हे पैसे अमेरिका भरते’ असा समज रुजला आहे. तो साफ चुकीचा आहे.

न्हावाशेव्याला कंटेनर उतरला की कस्टम्समध्ये बिल ऑफ एंट्री दाखल करतो तो इथलाच आयातदार, आणि शुल्कही तोच भरतो. समजा, बंदरात सफरचंद किलोला ६० रुपयांना पडलं. ५० टक्क्यांनी शुल्क ३० रुपये, ७० टक्क्यांनी ४२. म्हणजे वीस किलोच्या पेटीमागे २४० रुपये जास्त. ते आयातदार सोसेल, गिऱ्हाइकाकडून काढेल, नाहीतर तिकडच्या विक्रेत्याला भाव उतरवायला लावेल. विक्रेत्याला झळ बसते ती अशी आडवाटेने, किंवा माल खपेनासा झाला की.

आणि तो खपेनासा झालाच. २०१८-१९ मध्ये सुमारे १ लाख २८ हजार टन अमेरिकी सफरचंद भारतात आलं होतं. २०२२-२३ मध्ये जेमतेम साडेचार हजार टन. यावरून आपल्या बागायतदाराचं फावलं असं वाटेल, पण जादा शुल्क फक्त अमेरिकेपुरतं होतं. तुर्कस्तान, इराण, इटली, चिली, न्यूझीलंडच्या मालाने ती जागा घेतली. काश्मीर-हिमाचलच्या शेतकऱ्यासमोरचा स्पर्धक गेला नाही, बदलला. एकाच देशावरचं शुल्क हे राजनैतिक दबावाचं हत्यार म्हणून समजून घेता येतं. त्याला शेतकऱ्याचं संरक्षण म्हणणं मला पटत नाही.

बदामाचं गणित तर आणखी वेगळं. त्यावर टक्के नव्हे, वजनावर शुल्क होतं: सोललेल्या बदामावर किलोला १०० रुपये, ते १२० झाले, टरफलासकट ३५ होते, ते ४१ झाले. बाजारभाव चढो वा पडो, किलोमागची रक्कम तीच. आपल्याकडे बदाम पिकतो थोडा आणि खपतो भरपूर, त्यातला बराचसा कॅलिफोर्नियाचा. त्यामुळे या जादा वीस रुपयांनी देशातल्या फारशा कुणा बागायतदाराला हातभार लागला नाही.

सर्वांत जास्त गोंधळ झाला सप्टेंबर २०२३ मध्ये. पंतप्रधानांच्या अमेरिका दौऱ्यानंतर दोन्ही देशांनी जागतिक व्यापार संघटनेतले वाद मिटवले आणि भारताने ही वाढ मागे घेतली. लगेच ‘अमेरिकी सफरचंद करमुक्त’ अशी ओरड झाली. प्रत्यक्षात गेले ते वरचे २० टक्के आणि बदामावरची वाढ. सफरचंदावरचे ५० आणि अक्रोडावरचे १०० टक्के तसेच राहिले. सफरचंदाचे हे ५० टक्केही २०२१ च्या अर्थसंकल्पात १५ टक्के मूळ सीमाशुल्क आणि ३५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर असे विभागले गेले होते. नुसता ‘१५ टक्के’ हा आकडा वाचून शुल्क उतरलं असं समजणारेही फसले.

बागायतदाराच्या दृष्टीने अधिक मोलाचा निर्णय मे २०२३ मधला होता. किलोला ५० रुपये किंवा त्याहून कमी किमतीने येणाऱ्या सफरचंदांची आयातच बंद करण्यात आली. भूतान वगळता हा नियम सगळ्या देशांना लागू झाला.