सीतेची वेणी म्हणजे बांडगूळ नव्हे

आंब्यावरील बांडगूळ वेळीच काढावे, ही शिफारस योग्यच आहे. परंतु बाग साफ करताना त्याच कोयत्याने सीतेची वेणीही तोडली जाते. झाडावर उगवले ते सारे बांडगूळ, असा समज त्यामागे असतो.

ही वनस्पती ऑर्किड कुळातील रिंकोस्टायलिस या प्रजातीची असून तिच्या जातीचे नाव रेटुसा असे आहे. मोजक्या जातींची ही लहानशी प्रजाती उष्ण कटिबंधीय आशियात आढळते. आसामात हिलाच कोपौ फूल म्हणतात. ते त्या राज्याचे राज्यफूल असून बिहूच्या नाचात मुली ते केसांत माळतात.

बांडगुळाची शोषक मुळे फांदीच्या लाकडात शिरतात व झाडाचा रस घेतात. तेथे गाठ येते आणि गाठीपुढची फांदी वाळू लागते. वेणीची जाड, पांढुरकी मुळे मात्र सालीला वरूनच चिकटतात. तिला हवा असतो तो केवळ आधार. सुकलेल्या लाकडावर बांधली तरी ती वाढते. बांडगूळ मात्र आधाराची फांदी मेली की मरते.

मग तिला पाणी कोठून मिळते? मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे व दवाचे पाणी ते टिपून घेते. कोरडे मूळ भिजवून पाहावे. आवरण पारदर्शक होऊन आतील हिरवा रंग दिसू लागतो. सालीवरील धूळ व कुजलेला पालापाचोळा यांतील क्षार पाण्याबरोबर मिळतात. पन्हळीसारखी जाड पाने उन्हाळ्यात पाणी राखून ठेवतात.

मे-जूनमध्ये जांभळट ठिपक्यांच्या पांढऱ्या-गुलाबी फुलांचे भरगच्च तुरे लोंबतात. एका बोंडात धुळीसारखे असंख्य बी असते, पण बियांत अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजते. त्यामुळे तोडलेल्या वेणीची जागा नवे रोप सहजी घेत नाही.

बांडगूळ गाठीच्या खालून फांदीसह कापावे. वादळात फांदी मोडून वेणी खाली आली असल्यास ती पावसाच्या सुरुवातीस दुसऱ्या आंब्याच्या वा फणसाच्या खरबरीत सालीवर काथ्याने बांधावी. मुळे सालीला टेकलेली असावीत. कुंडीत मातीत लावू नये, मुळे कुजतात.