स्तनाचा कर्करोग डोळ्याच्या स्नायूंपर्यंत कसा पोहोचतो?

अचानक एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, एका डोळ्याची पापणी उतरली, की बहुतेकांना चष्म्याचा नंबर आठवतो. डॉक्टर मधुमेह आणि थायरॉइड तपासतात. अनेकदा कारण तिथेच सापडतं. पण या रुग्णाला कधीकाळी स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर आणखी एक शक्यता तपासावी लागते: तो कर्करोग डोळ्याभोवतीच्या स्नायूंत पसरलेला असण्याची.

प्रत्येक डोळा फिरवण्याचं काम सहा छोटे स्नायू करतात. दोन्ही डोळ्यांचे स्नायू एकाच तालात चालतात, म्हणूनच आपल्याला एकच चित्र दिसतं. त्यातला एखादा स्नायू गाठीमुळे जाड किंवा ताठ झाला की डोळा नीट वळत नाही आणि चित्रं दोन होतात. एक डोळा झाकला की हा त्रास थांबतो.

स्तनापासून डोळ्यापर्यंत या पेशी जातात कशा? रक्तातून. डोळ्याच्या खोबणीत दुसऱ्या अवयवातून कर्करोग येणं मुळात दुर्मीळ, पण जेव्हा येतो तेव्हा त्याचा सर्वाधिक आढळणारा उगम स्तन हाच असतो. त्यातही ‘लोब्युलर’ प्रकाराचा ओढा इकडे जास्त दिसतो. या प्रकारात पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन बहुधा नसतं. त्यामुळे ठळक गाठ न होता पेशी सुट्या सुट्या, एकामागोमाग एक रांगेत ऊतींमध्ये शिरतात.

गाठ म्हटलं की डोळा बाहेर येईल असं वाटतं, आणि अनेकदा तसं होतंही. पण स्तनाच्या काही कर्करोगांत उलटंच घडतं. कर्करोगाच्या पेशींभोवती तंतुमय ऊती तयार होते, ती जखमेच्या वणासारखी आक्रसते आणि डोळ्याला आत ओढते. मग घरच्यांना दुसरा, निरोगी डोळाच मोठा वाटू लागतो. फसगत होते ती इथे.

दुसरी फसगत थायरॉइडची. थायरॉइडच्या आजारातही डोळ्याचे स्नायू सुजतात, साधारणपणे खालचा आणि नाकाकडचा आधी. त्यामुळे एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये जाड स्नायू दिसला म्हणून निदान पक्कं होत नाही. शंका असेल तर स्नायूचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करतात. त्यातून कर्करोग आहे का हे कळतंच, शिवाय पेशींवर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू यांचे रिसेप्टर आहेत का हेही तपासता येतं. मूळ गाठीचा जुना अहवाल इथे पुरत नाही, कारण पसरलेल्या पेशींचे रिसेप्टर बदललेले असू शकतात, आणि औषध त्यावरच ठरतं.

उपचार फक्त डोळ्याचा नसतो. रक्तावाटे पेशी इथवर आल्या म्हणजे त्या हाडं, फुप्फुसं, यकृत इथेही असू शकतात, म्हणून सगळं शरीर तपासलं जातं. हार्मोन उपचार, केमोथेरपी, नेमक्या रिसेप्टरवर काम करणारी औषधं यांतून निवड होते. डोळ्याचं दुखणं आणि दृष्टीवरचा दाब कमी करायला रेडिएशन देतात. या टप्प्यावर आजार सहसा पूर्ण बरा होत नाही. पण तो आटोक्यात ठेवता येतो आणि नजर वाचवता येते.

मूळ उपचार संपल्यावर कित्येक वर्षांनीही हे घडू शकतं. तोवर जुनी फाइल कपाटात गेलेली असते आणि नेत्रतज्ज्ञांना ‘पूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालंय’ हे सांगायचं राहून जातं. डोळ्याच्या तक्रारीशी त्याचा काय संबंध, असं वाटलं तरी ते पहिल्याच भेटीत सांगावं.