पालटलेलें मन आणि घरचीं माणसें

मनुष्यानें धर्म पालटला म्हणजे त्याची उपासना पालटते, पंगत पालटते, कधीं नांवही पालटतें. हें लोकांच्या सहज ध्यानांत येतें. मन पालटलें कीं नाहीं, हें मात्र इतक्या लवकर उमगत नाहीं. तें प्रथम कळतें घरच्या माणसांस. उपासनामंदिरांत घटकाभर शांत बसणें कोणासही साधतें. पण पैसा कमी पडला किंवा पत्नीनें आपलें म्हणणें नाकारलें, म्हणजे तोच मनुष्य कसा वागतो, यांत त्याची खरी परीक्षा असते.

नव्या करारांत या पालटासाठीं 'मेतानोइया' हा ग्रीक शब्द आलेला आहे. मराठी बायबलांत त्यासाठीं 'पश्चात्ताप' हा शब्द रूढ आहे. परंतु तो उच्चारतांच ऐकणारास केवळ केलेल्या चुकीची हळहळ आठवते. मूळ शब्दाचा आशय याहून व्यापक आहे. विचाराची दिशाच फिरणें, असा तो आशय. हळहळ मनांतल्या मनांत राहूं शकते. फिरलेली दिशा वागणुकींत दिसावीच लागते. लूकच्या शुभवर्तमानांतील जक्कय हा यरीहो नगरांतील जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्या घरीं उतरला, तेव्हां अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचें आणि ज्यांस लुबाडलें असेल त्यांस चौपट परत करण्याचें त्यानें उभ्या उभ्या कबूल केलें. डोंगरावरील प्रवचनांतही हाच क्रम सांगितला आहे. वेदीपाशीं अर्पण आणल्यावर भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याच्याशीं समेट करावा.

येथवर सर्व सरळ आहे. पण मनाच्या या पालटामुळेंच घर मोडूं लागलें तर काय करावें? या प्रश्नाचें एक उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसारांत पाहावयास मिळतें. नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें टिळकांस नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधलें आणि १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

शत्रूवरही प्रीति करावी, ही शिकवण त्यांस ओढून घेऊन गेली. आणि त्यांच्या पहिल्याच पावलासरशी त्यांच्या पत्नीचा संसार उद्ध्वस्त झाला. लक्ष्मीबाई सोंवळ्याओंवळ्याच्या कडक वातावरणांत वाढलेल्या. लहानग्या दत्तूस घेऊन त्यांनीं पंढरपुरास व इतरत्र आप्तांच्या आश्रयानें कांहीं वर्षें काढलीं. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचें पाणी चालत नाहीं, अशी ती स्थिति.

त्या काळीं १८६६ चा एक कायदा लागू होता. धर्मांतरामुळें सहचरानें सहा महिने दूर राहून संबंध तोडला, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस विवाहविच्छेदासाठीं न्यायालयाकडे जातां येत असे. उलटपक्षीं, करिंथच्या मंडळीस लिहितांना पौलानें सांगितलें होतें कीं, विश्वास न ठेवणारी पत्नी एकत्र नांदण्यास राजी असेल, तर पतीनें तिचा त्याग करूं नये. टिळकांनीं कायद्याची वाट धरली नाहीं, दुसरा विवाहही केला नाहीं. ते थांबले. पुढें लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या त्या स्वतःचा धर्म राखूनच. त्यांचें सोंवळें व स्वतंत्र स्वयंपाक यांस टिळकांनीं हरकत घेतली नाहीं.

यानंतर जें घडलें तें लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारानें घडलें. जातिभेद देवानें केले कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारला. ते माणसानें केले, अशी त्यांची खात्री पटली, आणि शिवाशिवीचें ओझें त्यांनीं उतरून ठेवलें. १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. पतीची श्रद्धा पत्नीस उसनी देतां येत नाहीं. तिची वाट तिला चालूं देणें, एवढेंच पतीच्या हातीं असतें.

याचा अर्थ टिळक साधुपुरुष होऊन बसले, असा मात्र नव्हे. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील टिळक बाप्तिस्म्यानंतरही तापट आहेत, पैशाच्या बाबतींत बेफिकीर आहेत. आणि लक्ष्मीबाईही गप्प बसणाऱ्या नाहींत. तथापि त्या भांडणांच्या वर्णनांत कडवटपणा नाहीं, विनोद आहे. स्वभाव एका दिवसांत जात नाहीं. परंतु भांडणानंतर माघारी फिरण्याची वाट मोकळी राहते.

बाप्तिस्म्याच्या पाण्यास क्षणभर पुरतो. मन पालटल्याची खूण घरच्या माणसांस पटण्यास वर्षें लागतात, आणि तीं वर्षें धीरानें देणें हाही त्या पालटाचाच भाग होय.