रुग्णालयाची खिडकी

गेल्या वर्षीं ज्येष्ठाच्या आरंभीं न्हाणीघरांत पाय घसरून आम्ही पडलों व उजव्या मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडलें. आमच्या वयास हा अपघात नवलाचा नव्हे. शस्त्रक्रिया झाली, आठ दिवसांत घरीं जाल असें सांगण्यांत आलें. परंतु जखमेंत पू झाला, ती पुन्हां उघडावी लागली, आणि आठ दिवसांचे पांच आठवडे झाले. डॉक्टर निष्णात होते, परिचारिका कष्टाळू होत्या; तेव्हां या लेखांत रुग्णालयांची निंदा वाचावयास मिळेल अशी कोणाची अपेक्षा असल्यास त्याची निराशा होईल. आम्हांस लिहावयाचें आहे तें आमच्या खोलीच्या खिडकीविषयीं.

ती खिडकी चांगली चार फूट रुंद होती. तिला जाड कांच होती, ती उघडत नसे, आणि पलीकडे दहा हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत होती. राखी रंगाची, वरून खालपर्यंत पाण्याचा एक नळ गेलेला, आणि नळाच्या सांध्यापाशीं ओलाव्याचा एक डाग. त्या डागाचा आकार आम्हांस इतका पाठ झाला कीं आजही कागदावर काढून दाखवूं. आभाळ मुळींच दिसत नसे. भिंत थोडी उजळली कीं दोन प्रहर झाले, काळवंडली कीं दिवे लागणीची वेळ झाली, एवढेंच काय तें आमचें पंचांग.

वाचकांनीं आम्हांस निसर्गाचे मोठे भक्त समजूं नये. चाळीस वर्षें आम्ही रोज पहांटे हनुमान टेकडीवर जात आलों हें खरें. पण तें पायांस चाल मिळावी व चार मित्र भेटावे म्हणून, असाच आमचा समज होता. झाडांचीं नांवें सांगतां येतील तीं फार तर पंधरावीस. निजून राहिल्यावर आठवूं लागलें तें मात्र चालणें नव्हे, मित्रांच्या गप्पाही नव्हेत. आठवूं लागला तो टेकडीच्या पाऊलवाटेवरील एक बाभूळ, जिच्याकडे आम्हीं जन्मांत कधीं नीट पाहिलें नव्हतें. आणि पावशाचें तें एकसुरी ओरडणें, ज्याचा आम्हांस पूर्वीं त्रासच वाटे.

मृगाचा पहिला पाऊस पडला तो आम्हांस सौ.च्या ओल्या पदरावरून कळला. ती बिचारी आनंदानें सांगूं लागली, "अहो, अंगणांतल्या प्राजक्ताला नवी पालवी फुटली आहे." यावर आम्ही म्हणालों, "पाऊस बाहेर ठेवून येत जा. येथें त्याचें काय काम?" ती कांहीं बोलली नाहीं, डबा उघडून ठेवला आणि पाठ फिरवून खिडकीशीं उभी राहिली. तिलाही भिंतच दिसली असली पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यांत अन्नावरची वासना उडाली. व्यायाम शिकविणारा तरुण येई, त्यास आम्ही उद्यां ये म्हणूं. एके दिवशीं डॉक्टरांनीं खुर्ची ओढून घेतली व स्पष्ट सांगितलें कीं, या आठवड्यांत उभे राहिलां नाहीं तर पुढें उभे राहाल याची खात्री आम्हांस देववत नाहीं. शिवाय असें निजून राहिल्यानें पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीस जखमा पडतात. घरच्या मंडळींनीं समजावून सांगितलें, धाकटे बंधु रागावले, सुनेनें देवास नवस बोलला. आम्ही मात्र डागाकडे पाहत राहिलों.

आमचा एक पुतण्या वास्तुशिल्पी आहे. तो भेटीस आला तेव्हां आमच्या नाडीपेक्षां खिडकीकडेच अधिक वेळ पाहत होता. त्यानें एक हकीकत सांगितली. रॉजर उलरिच नांवाच्या अमेरिकन संशोधकानें पेनसिल्व्हानियांतील एका रुग्णालयांतील १९७२ ते १९८१ पर्यंतचीं टिपणें तपासलीं. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रोगी त्यानें निवडले व वय, लिंग, प्रकृति वगैरे पाहून त्यांच्या २३ जोड्या लाविल्या. प्रत्येक जोडींतील एकाच्या खिडकींतून झाडें दिसत, दुसऱ्याच्या खिडकींतून तपकिरी विटांची भिंत. झाडें पाहणारे सरासरीनें ७.९६ दिवसांत घरीं गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत, आणि पहिल्यांस तीव्र वेदनाशामक औषधेंही कमी लागलीं. हा निबंध १९८४ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. भिंतवाल्यांविषयीं परिचारिकांच्या नोंदवहींत 'अस्वस्थ आहे', 'रडतो', अशा अर्थाचे शेरे अधिक आढळले, हें ऐकून आमच्याविषयीं काय लिहिलें जात असेल असें आमच्या मनांत आलेंच.

अर्थात् तेवीस जोड्यांवरून साऱ्या जगाचा न्याय करूं नये. आणि झाडांनीं रोग बरा होतो असेंही कोणीं मानूं नये. क्षयरोग्यांस पूर्वीं पांचगणीस, मिरजेस, मोकळ्या हवेंत महिनोगणती ठेवीत. १९५६ सालीं मद्रासेंत एक प्रयोग सुरू झाला. कांहीं रोग्यांस आरोग्यधामांत ठेवून व कांहींस त्यांच्या दाटीवाटीच्या, दरिद्री घरींच ठेवून तीच नवीं औषधें वर्षभर देण्यांत आलीं. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं, घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले. जंतु मारिले ते औषधांनीं. हवेंतील, उन्हांतील व चांगल्या अन्नांतील तो महिमा तेव्हांपासून ओसरला, आणि लक्षावधि गरिबांस घरबसल्या उपचार मिळाले ही गोष्ट थोर झाली. परंतु जंतु मरणें आणि माणसानें उठून बसावेंसें वाटणें या दोन गोष्टी एकच नव्हेत, हें आम्हीं त्या तिसऱ्या आठवड्यांत स्वतः अनुभविलें.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंस हें ठाऊक होतें. १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत, निजलेल्या रोग्यास खिडकीबाहेरचें दिसलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. आपणांस रानफुलांचा एक गुच्छ कोणीं पाठविला तेव्हांपासून आपली प्रकृति वेगानें सुधारली, असें त्यांनीं नमूद केलें आहे. त्याच काळांत आमच्या घरांत दुखणाइतास काळोख्या खोलींत निजवून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबीत, कां तर वारा लागेल! पूर्वजांचें सारेंच शहाणपण होतें असें नाहीं.

पण आम्हांस धीर आला तो निराळ्याच एका रोग्याच्या चरित्रानें. पुतण्यानेंच तें आणून दिलें. मासाओका शिकी हा जपानी कवि. हायकु या लहानशा कविताप्रकारास नवें जीवन देणारा. १८९५ सालीं युद्धाचा बातमीदार म्हणून तो चीनला गेला व परततांना बोटीवरच रक्त ओकूं लागला. कोबे येथील रुग्णालयांत तो निजून असतांना त्याचे दोन तरुण शिष्य रोज सकाळीं शेतावर जाऊन त्याच्यासाठीं स्ट्रॉबेरी आणीत. दुकानांतून नव्हे, शेतावरून! त्या फळाबरोबर ती सकाळही थोडी खोलींत येत असली पाहिजे. पुढें क्षय पाठीच्या कण्यांत शिरला आणि टोकियोंतील लहानशा घरांत तो अंथरुणास खिळला. आई व बहीण शुश्रूषा करीत. जपानी घरांच्या दारांस कागद लाविलेला असे, त्यामुळें थंडींत दार लावलें कीं बाग नाहींशी होई. १८९९ च्या अखेरीस शिष्यानें त्या दारांस कांचा बसवून दिल्या, आणि निजल्या जागेवरून त्याला आपली बाग दिसूं लागली. बाग कसली, चार हातांचें परस! त्याच खोलीबाहेर मांडवावर एक वेल चढविला होता. कोणता म्हणाल तर आपल्या परसांतलें घोसाळें! त्याच्या वेलाचा रस तिकडे खोकल्यावर देत. मरणाच्या आदल्या दिवशीं शिकीनें शेवटच्या तीन कविता लिहिल्या त्या या घोसाळ्यावर. १९ सप्टेंबर १९०२ रोजीं, पस्तिशीही पुरी झाली नसतां, तो वारला. आणि त्याची पुण्यतिथि जपानांत त्या वेलाच्याच नांवानें ओळखली जाते. आम्हीं घोसाळ्याची भजी जन्मभर खाल्लीं, पण त्या वेलाकडे मान वर करून पाहिलें असेल तर शपथ.

पुढच्या रविवारीं आमची नऊ वर्षांची नात आली ती मूठ झांकून. मुठींत काडेपेटी होती, काडेपेटींत ओली माती, आणि मातींत मृगाचा किडा. "आजोबा, तुमच्यासाठीं टेकडीवरून आणला!" असें म्हणून तिनें तो पांढऱ्या चादरीवर सोडला. लाल मखमलीचा तो एवढासा गोळा आमच्या गुडघ्याकडे चालूं लागला. आम्हीं चष्मा मागितला. त्याला पाय आठ. म्हणजे किडा हें नांव चुकीचें, कोळ्यांचा तो भाऊबंद, असें आम्हीं नातीस सांगितलें. हाताचें बोट लागतांच पाय आंखडून स्वस्थ बसे, पुन्हां चालूं लागे. कितीतरी वेळ गेला, डागाची आठवणही झाली नाहीं.

इतक्यांत सिस्टर आल्या. "आजोबा, जखम अजून ओली आहे. माती येथें चालायची नाहीं." त्यांचें म्हणणें अगदीं रास्त होतें, अतिदक्षता विभागांत तर फुलेंही बहुधा आंत नेऊं देत नाहींत. नात मुळुमुळु रडूं लागली, कारण सिस्टर तो केरांत टाकतील असें तिला वाटलें. आम्ही म्हणालों, "तो आम्ही स्वतः मातींत सोडूं." सिस्टर क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "स्वतः उठून त्या खुर्चीपर्यंत आलांत, तर मामांना खालीं न्यावयास सांगतें."

खुर्ची चार पावलांवर होती. चालण्याचा घोडा हातीं दिला गेला. पहिल्या पावलाला डोळ्यांपुढें काजवे चमकले, दुसऱ्याला आम्हीं सिस्टरांच्या सात पिढ्यांस मनांत कांहीं बोललों, त्याबद्दल येथें क्षमा मागतों. चौथ्याला खुर्ची आली. सौ.नें तोंड पदरांत घेतलें होतें.

रुग्णालयाच्या मागें, विजेच्या यंत्राची खोली व रुग्णवाहिकांची शेड यांच्या मध्यें, एक कडुलिंब आहे. डिझेलचा वास येतो, बुंध्याशीं फुटक्या बादल्या पडलेल्या असतात. पाऊस नुकताच थांबला होता आणि पानांतून टपटप थेंब पडत होते. नातीनें काडेपेटी उघडून बुंध्याशीं धरली. किडा बराच वेळ बाहेर येईना. मग आला, एका कुजक्या पानाखालीं शिरला आणि दिसेनासा झाला. आम्हीं मान मागें टाकून वर पाहिलें. एक थेंब चष्म्यावर पडला, तो आम्हीं पुसला नाहीं.

"दहा मिनिटं म्हणालां होतां, आजोबा, अर्धा तास झाला," मामा म्हणाले. त्या दिवशीं नोंदवहींत काय लिहिलें गेलें तें आम्हीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं चार वाजतां मामा आपण होऊन खुर्ची घेऊन दाराशीं उभे होते.