हुकमाचा नाच आणि हौसेचा नाच

रविवारी दुपारचे तीन वाजले की आमच्या बौद्धवाडीतील विहारातली सतरंजी गुंडाळून भिंतीला लावली जाते. काजूच्या चिकाने हात काळवंडलेल्या कारखान्यातल्या बायका, शाळा-कॉलेजातल्या मुली, सुट्टीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या लेकी अशा पंधरा-वीसजणी जमतात. हातातल्या काचेच्या बांगड्या उतरतात, पदर खोचले जातात आणि फुगडीचा ‘फू’ सुरू होतो. मालवणच्या किनाऱ्यावर फुगडी शिकायला वर्ग लागतो, हे ऐकून शेजारच्या वाडीतल्या बायका हसतात. पण आमच्या वाडीला तो लागला, आणि त्याचे कारण सांगण्यासारखे आहे.

आपल्या सिंधुदुर्गात फुगडी रंगते ती भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत, रात्र जागवून. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि पुढे कोकणातल्या वाड्यावाड्यांतून आपल्या आजी-आजोबांनी जुने देव, जुने सण सोडले. सण गेले तशी आमच्या वाडीतली फुगडीही गेली. ज्यांच्या पायांत ती होती त्या म्हाताऱ्या झाल्या. आमच्या पिढीने फुगडी पाहिली ती दुसऱ्यांच्या अंगणात, गडग्याबाहेर उभे राहून.

आबांचा प्रश्न

वर्ग काढायचे ठरले तेव्हा वाडीच्या बैठकीत एक वयोवृद्ध आबा उठून उभे राहिले. म्हणाले, “नाच सोडला म्हणून आपण माणसात आलो. आता आपल्याच पोरींना पुन्हा नाचवायचे?”

बैठक गप्प झाली. आबांचे बोलणे उडवून लावण्यासारखे नव्हते. तमाशाच्या बोर्डावर आपल्याच लेकीबाळी नाचल्या. पैसे फेकणारे आणि शिट्ट्या मारणारे मात्र दुसरेच होते. पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजलेली पवळा आपल्याच समाजातली. बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे पैसे चळवळीसाठी देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत, असे जुनी माणसे सांगतात. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. त्यांनी ढोलकी ठेवली, गाणे ठेवले, पण बाईला नाचवणे टाकून दिले. हा सगळा इतिहास आबांच्या एका वाक्यात होता. त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते.

हैतीच्या लोकांनी काय केले

उत्तर सापडले ते सातासमुद्रापलीकडे. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतो. त्या अमेरिकेजवळ, कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा देश आहे. फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून माणसे धरून आणून तिथे उसाच्या मळ्यांत राबवली. दिवस मालकाचा होता. रात्री मात्र ही माणसे ढोल वाजवून आपापल्या मुलखातले नाच नाचत. ऑगस्ट 1791 मध्ये अशाच एका रात्री जंगलात जमून त्यांनी उठावाची शपथ घेतली, असे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. बारा-तेरा वर्षे लढून 1 जानेवारी 1804 रोजी त्यांनी आपला देश स्वतंत्र केला.

पण नाचाची कथा इथे संपत नाही. स्वतंत्र देशातल्या शिकल्यासवरल्या वरच्या वर्गालाच पुढे या नाचांची लाज वाटू लागली. हे नाच गोरगरिबांच्या व्होडू धर्माशी जोडलेले होते, आणि 1935 साली तिथल्या सरकारने तसल्या विधींवर अंधश्रद्धा म्हणून कायद्याने बंदी घातली.

त्याच सुमारास कॅथरीन डनहॅम ही काळी अमेरिकन तरुणी हैतीत पोहोचली. तिने शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकले होते. खेड्यापाड्यांतून राहून, लोकांबरोबर नाचून तिने ते नाच शिकून घेतले. त्यातला एक म्हणजे यानवालू. गुडघे वाकवायचे, अंग पुढे झुकवायचे आणि पाठीच्या कण्यातून लाट सोडायची. दर्यावर राहणाऱ्याला ती लाट समजावून सांगावी लागत नाही. जोडीला तीन ढोल असतात. थोरल्या ढोलाला तिथे ‘आई’ म्हणतात. परत गेल्यावर डनहॅमबाईंनी न्यूयॉर्कमध्ये शाळा काढली. पुढे 1967 साली ईस्ट सेंट लुईस या गरीब काळ्या वस्तीच्या गावात त्यांनी मुलांसाठी कलाकेंद्र सुरू केले. त्या जगभर नावाजल्या गेल्या, पण हैतीला विसरल्या नाहीत. 1992 साली हैतीचे निर्वासित होड्यांतून अमेरिकेकडे येत होते आणि अमेरिकन सरकार त्यांना परत पाठवीत होते. तेव्हा वयाच्या 82व्या वर्षी या बाईंनी 47 दिवस उपोषण केले.

आज अमेरिकेतल्या शहरांत हैतीचे नाच वर्गात शिकवले जातात. शिकणारे कुठल्याही धर्माचे असतात. पाऊल कुठून आले हे सांगतात, पण कुणाला पूजा करायला लावत नाहीत.

इतक्या लांबही जायला नको. गोव्यापलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळच्या रानात सिद्दी लोक राहतात. यांचे पूर्वजही आफ्रिकेतून आणलेले. त्यांतले कित्येक गोव्यातल्या पोर्तुगीज मालकांच्या जाचातून पळून रानात शिरले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही आहेत. आणि या सिद्दींच्या बायका ‘दमाम’ ढोलावर नाचतात, तशी फुगडीही घालतात! फुगडी एकाच देवाची किंवा एकाच जातीची मालकी असती तर हे घडते का?

हात सोडू नको

पुढच्या बैठकीत हे सारे आम्ही सांगितले. आबांनी ऐकून घेतले आणि एकच अट घातली: कुणी फर्मावले म्हणून नाचायचे नाही. तोच वर्गाचा पहिला नियम झाला.

शिकवायला सत्तरीच्या काकी आहेत. लहानपणी घातलेली फुगडी त्यांच्या अंगात अजून आहे. त्यांचे शिकवणे सोपे. जोडीदारीण आपल्या वजनाची निवडावी. हात फुलीसारखे गुंफून मनगटाजवळ घट्ट धरावेत. चौघी पावले मध्यभागी जवळ आणावीत आणि अंग मागे झोकावे. डोळे जोडीदारणीच्या कपाळावर ठेवावेत. भिंतीकडे पाहिले की घेरी आलीच. थांबताना एकदम थांबू नये, वेग हळूहळू उतरवावा.

सगळ्यांत अवघड असते ते मागे झोकणे. जन्मभर अंग चोरून चालायची सवय! पहिल्याच दिवशी भिऊन आमचे हात सुटले आणि आम्ही पाटावरच्या भोपळ्यासारख्या गडगडलो. काकी हसल्या नाहीत. स्वतः समोर उभ्या राहून म्हणाल्या, “भियाव नको गो. हात सोडू नको, मी आसंय ना!” दोघींपैकी एकीने जरी विश्वास सोडला तरी फुगडी मोडते, हे त्या दिवशी कळले.

आता मुली एका हाताची फुगडी, बसफुगडी, चौघींचे जाते असे सगळे प्रकार घालतात. गाणी त्यांनी स्वतः रचली आहेत, सावित्रीमाईंची आणि रमाईंची. 3 जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, वाडीसमोर खेळ होतो. ज्यांना गरोदरपण, रक्तदाब किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे त्या कडेला बसून गाणे धरतात. जेवून लगेच कुणी फिरत नाही. ओल्या किंवा गुळगुळीत फरशीवर तर मुळीच नाही.

मध्यंतरी एका कार्यक्रमातून निरोप आला, पाहुण्यांच्या मिरवणुकीपुढे नाचायला तुमच्या पोरी पाठवा. उत्तर मुलींनीच दिले: “स्पर्धा असेल तर नाव देऊ. पाहुण्यांपुढे नाचणार नाही.” पुन्हा निरोप आला नाही.

आबा अजून वर्गात येत नाहीत. बाहेर पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचतात. पण मागच्या रविवारी आतली ढोलकी जरा उतरली, तेव्हा पायरीवरूनच आवाज आला, “अरे, ती शाई नाही बोलत. कडी ओढून घ्या!”

भगिनींनो, तुमच्या वाडीतही एखादी काकी असेल. तिचे गुडघे चालताहेत तोवर तिला विहारात बोलवा.